परिचारिकेनें ब्यूरोचें काम केव्हां घ्यावें?

एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, त्यांच्या पुतणीनें तीन वर्षांचा जी. एन. एम. अभ्यासक्रम पुरा करून, परिषदेंत नांव नोंदवून एका मोठ्या रुग्णालयांत आठ महिने काढले आहेत. आतां एक नर्सिंग ब्यूरो तिला पाळीगणिक नेमणुका देण्यास तयार आहे. मोबदला हल्लींच्या पगाराहून अधिक, आणि घरांत धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च. वडील मंडळींनीं होकार द्यावा कीं नाहीं?

ब्यूरोची परिचारिका आज एका रुग्णालयांत तर उद्यां दुसऱ्या. औषधांचें कपाट कोठें आहे, रात्रीं डॉक्टरांस कसें बोलवावें, हें तिला ठाऊक नसतें. आणि तिला काय येतें व काय येत नाहीं, हें तेथें कोणास ठाऊक नसतें. कायमच्या जागीं चूक होऊं लागली तर वॉर्डच्या सिस्टरांच्या नजरेस ती बहुधा येते. येथें तो आधार सुटतो.

अमेरिकेंतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनीं १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत परिचारिकेच्या वाढीच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत. एकाच प्रकारच्या कामांत दोन-तीन वर्षें गेल्यावर ती तिसऱ्या, म्हणजे कामाचा बेत स्वतः आखूं शकणाऱ्या पायरीवर येते, असें त्यांचें म्हणणें. शिवाय अनुभवी परिचारिकाहि अगदीं अनोळखी विभागांत गेली कीं पुन्हा नवखीच ठरते.

तेव्हां केवळ महिने न मोजतां पुतणीस कांहीं प्रश्न विचारावे. रोग्याचा श्वास मिनिटास १६ वरून २४ वर गेला, लघवी कमी झाली, बोलणें असंबद्ध झालें, तर कोणी न सांगतां तिच्या ध्यानांत येतें काय? तें डॉक्टरांस थोडक्यांत व ठामपणें सांगतां येतें काय? इन्सुलिन किंवा हेपॅरिन देतांना मात्रेचा हिशेब ती स्वतः बिनचूक करते, व तरीहि दुसरीकडून पडताळून घेते काय? आणि “हें मला शिकविलेलें नाहीं, मी करणार नाहीं,” असें अपरिचित वरिष्ठांस सांगण्याचें धैर्य तिला आहे काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. भिडेपोटीं होकार देणारी मुलगी रोग्यास व स्वतःसहि धोक्यांत घालते.

आमचें मत असें कीं, एकाच जागीं रात्रपाळ्यांसह निदान पुरें एक वर्ष, शक्य तर दोन वर्षें काढावीं. नंतरहि पहिल्या नेमणुका सवयीच्या विभागांतल्याच घ्याव्या. घरगुती शुश्रूषा सोपी समजून ती आधीं घेऊं नये. तेथें डॉक्टर वा सहकारी हाताशीं नसतात. रात्रीं अडचण पडल्यास कोणास विचारावयाचें, आणि चुकीबद्दल दावा झाल्यास विमा कोणाचा, हें ब्यूरोकडून लेखी घ्यावें.

पुण्यास १९०९ सालीं स्थापन झालेल्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांस परिचर्येचें शिक्षण मिळूं लागलें, तेव्हां मुलींनीं हें काम करावें काय, असा घरोघरचा प्रश्न होता. आज वाद केवळ वेळेचा आहे. भावाच्या फीची तजवीज आणखी चार महिने अन्य मार्गानें होत असेल तर वडील मंडळींनीं ती करावी. पुतणीनें मात्र आपल्या सिस्टरांसच विचारावें कीं, “रात्रीं हा वॉर्ड माझ्या एकटीच्या हातीं द्याल काय?” त्यांचें उत्तर आमच्या उत्तराहून अधिक प्रमाण मानावें.