आधी कॅबिनेट उघडा
धाकट्याने साठवलेली ईदी पुढे ठेवली. "अब्बू, जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घेऊ या?" म्हटलं, आधी प्लग काढून कॅबिनेट उघडू. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट होता; पण पॉवर सप्लायच्या लेबलवर अवघे २५० वॅट, आणि कार्डाला जोडायची सहा पिनांची वायर नाहीच! स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. म्हणजे त्यात भागणारंच कार्ड हवं. मग आतली जागा पट्टीने मोजली. प्रोसेसर जुना असला की महागड्या कार्डाचाही पुरा उपयोग होत नाही. मोठ्या कार्डाचा हट्ट त्याने स्वतःच सोडला. लहान कार्ड घेतलं, ईदीही उरली. पालकांनो, मुलाला लगेच 'नाही' म्हणू नका. सोबत बसून लेबल वाचा.