विश्लेषण : जुन्या नंबर प्लेटचा मालक कोण?

ठाण्याची ‘एमएच ०४’ असो की कल्याण-डोंबिवलीची ‘एमएच ०५’, १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजेच ‘एचएसआरपी’ सक्तीची झाली. नंबर तोच राहिला, पाटी बदलली. मग उतरवलेली जुनी पाटी कोणाची आणि तिची किंमत काय?

नंबर नेमका कोणाचा?

वाहनमालकाचा नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार नोंदणी अधिकारी तो वाहनाला देतो. म्हणून गाडी विकली की सहसा नंबरही तिच्याबरोबर जातो.

मग लाखो रुपये कशाचे?

ऑगस्ट २०२४ च्या सुधारित दरांनुसार ठाण्यासह जास्त मागणीच्या भागांत चारचाकीच्या ‘०००१’ साठी ६ लाख रुपये मोजावे लागतात. असा क्रमांक पती-पत्नी किंवा मुलांच्या नावे करण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. पण हे पैसे क्रमांक वापरण्याच्या हक्काचे असतात, पत्र्याचे नव्हेत.

जुन्या नंबरला मोल कधी?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ गाडीला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. तिथेही मोल असते ते गाडी, कागदपत्रे आणि क्रमांक एकत्र असण्याला. सुट्या पाटीची किंमत भंगाराची; फार तर आठवणीची.

धोका कुठे?

जुन्या पाटीवर ना होलोग्राम, ना लेझरने कोरलेला क्रमांक. ती दुसऱ्याच गाडीवर लागली तर सिग्नलवरच्या कॅमेऱ्याला फक्त नंबर दिसतो आणि ई-चलान मूळ मालकाच्या मोबाइलवर येते. गुन्ह्यात वापर झाला तर पोलीसही आधी त्याच्याच दारात येतील.

काय व्हायला हवे?

जुनी पाटी जमा करून नष्ट केल्याची खात्री झाल्यावरच नवी बसवावी, अशी अट २००१ च्या केंद्रीय आदेशात आहे. ती कागदावर राहून चालणार नाही. दुचाकीसाठी ४५० रुपये आणि वर जीएसटी भरणाऱ्याची जुनी पाटी त्याच्या डोळ्यांदेखत कापली जावी आणि तशी नोंद पावतीवर मिळावी. परिवहन विभागाला यासाठी नवा कायदा नको, फक्त पत्रा कापायची कात्री आणि एक शिक्का पुरे. तोवर ज्यांच्या घरी जुनी पाटी पडून आहे, त्यांनी ती अखंड भंगारवाल्याला देऊ नये. आधी आकडे मधोमध कापावेत, मगच द्यावी.