लातूर उलटं लिहून बघा

कोडिंग शिकताना सुरुवातीलाच हमखास येणारा सराव म्हणजे शब्द उलटा करणे. त्यात ‘लातूर’ टाकून बघा. आपण तोंडी सांगू ‘रतूला’. जावास्क्रिप्टची नेहमीची पद्धत सांगते ‘रूताल’! ‘त’चा ऊकार उडी मारून ‘र’ला चिकटला. कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजतात. म्हणून डोळ्यांना तीन अक्षरांचं लातूर तिथे ५ भरतं, नांदेड ६ आणि ज्ञानेश्वर तर चक्क १०.

क्लासमध्ये यावर हसू येतं. पण हाच हिशेब प्रवेशाच्या फॉर्ममध्ये शिरला की नाव मध्येच तुटतं. एसएमएसचंही तसंच: इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत ७० चिन्हं. पुढे गेलात की दुसऱ्या मेसेजचे पैसे.

आपल्याकडची पोरं आता गावातल्या कॉलेजच्या, दुकानांच्या वेबसाइट बनवतात. त्यांना एवढंच सांगणं, चाचणी घेताना ‘टेस्ट १२३’ टाकून मोकळं होऊ नका. आजीचं पूर्ण नाव टाका, आडनावासकट, मराठीत. अक्षरं नीट मोजायला जावास्क्रिप्टमध्येच ‘इंटल सेगमेंटर’ आहे; त्यात दोन्ही गावं तीनच भरतात.

‘पण क्लायंट मराठी मागतच नाही!’ मागेल कसा? फॉर्मने मराठी नाव घेतलं नाही की माणूस मुकाट्याने इंग्रजीत लिहितो. मग एकाच चव्हाणचं स्पेलिंग दाखल्यावर एक, बँकेत दुसरं. पुढे प्रतिज्ञापत्रासाठी खेटे घालायचे ते त्यानेच.