दुष्काळ सरला, अधिभार उरला

मैत्रिणींनो, २०२० चा जून आठवतोय ना? टाळेबंदी होती, कुणाचा पगार अर्ध्यावर आलेला, कुणाचं कामच सुटलेलं. आमच्या बचत गटातल्या बायकांना हप्ता भरणं जड झालं होतं. नेमकं त्याच १ जूनला राज्य सरकारनं पेट्रोल-डिझेलवरचा कर लिटरमागे २ रुपयांनी वाढवला. त्याआधी मे महिन्यात केंद्रानं आपलं शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं होतंच. जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं, आपल्याला मात्र ते पंपावर कधी दिसलं नाही.

'आपल्याकडे कुठे गाडी आहे?' असं पुष्कळजणी म्हणतात. अहो, पण भाजीचा टेम्पो डिझेलवरच येतो ना! गाडी नसलेलीही हा कर जुडीजुडीनं भरतेच.

सरकारची बाजूही पाहू. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्याच्या हाती पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वाहनं, वीज एवढीच मोजकी खाती उरली. तिजोरी आटली की हात तिथेच जाणार. दवाखाने चालवायचे होते, पगार द्यायचे होते, हे मान्य. पण त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून घरखरेदीचं मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत ३ टक्क्यांनी कमी केलं. ५० लाखांचं घर घेणाऱ्याचे दीड लाख वाचले. म्हणजे सूट द्यायला जागा होती, फक्त ती आपल्या घरापर्यंत आली नाही.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर २ रुपये बसवले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण अधिभार काही हटला नाही. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाली, आपण बायका खूश! तर त्या तुटीपोटी पेट्रोलवर आणखी ३ रुपये चढले. पिणाऱ्याचा तोटा आपण का भरायचा? जुलै २०२२ मध्ये पेट्रोल ५ नि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं, तेही खूप उशिरा.

सांगून घेतलेला कर आपण याआधी भरलाय. पगारातून महिन्याला २०० रुपये कापतात तो व्यवसाय कर १९७५ चा, रोजगार हमीसाठी लावलेला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलेलं होतं. शहरातल्या नोकरदाराचा पैसा खेड्यात खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला जायचा. कुरकुर तेव्हाही झाली असेल, पण पैसा कुठे चाललाय ते ठाऊक होतं.

आणि हो, २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. तुमच्या लेकीच्या, सुनेच्या पगारपत्रकावर अजून कापलेला दिसला, तर तिला ऑफिसात विचारायला सांगा.