पालकांनो, डब्याची मागची बाजू वाचा!



कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत मी शिकवते. मागे एकदा पालकसभा संपल्यावर एक आई थांबली. म्हणाली, "बाई, पोरगी लईच बारीक झालीय. टीव्हीवर दाखवतात ती पावडर देऊ का?" मी घाईत होते. "द्या की, पौष्टिकच असते," असं बोलून गेले.

पंधरा दिवसांनी पोरीने तो डबा मला दाखवायला आणला. वीटभट्टीच्या उचलीतून घेतलेला. आणि तेवढ्या दिवसांत घरात अंडं आलं नव्हतं, हेही तिनेच सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा डबा उलटा करून वाचला. पुढे धावणारा मुलगा, मागे घटकांच्या यादीत साखर वरच्या नंबरला! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे जे वर, ते जास्त.

चूक त्या आईची नव्हती, माझी होती. बाईंचा शब्द वाडीवर जाहिरातीपेक्षा जड असतो.

सरकारने काही केलं नाही असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटामधल्या साखरेवरचा एक व्हिडिओ गाजला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीला नोटीस दिली. पुढे कंपनीने १०० ग्रॅममधली वरून घातलेली साखर ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणली. १० एप्रिल २०२४ ला केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही! याच कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

हे चांगलंच झालं. पण माझं मत विचाराल तर, वेबसाइटवरचा शब्द काढला म्हणून आमच्या वाडीतल्या आईच्या मनातला शब्द निघत नाही. ती ऑनलाइन घेत नाही. कर्जत-खोपोलीच्या दुकानात समोर दिसतो तो डबा घेते. तिच्यापर्यंत मंत्रालयाचं पत्र पोचणार नाही, आपण पोचू शकतो.

पावडर म्हणजे विष नव्हे. त्यात जीवनसत्त्वं घातलेली असतात. पण ज्या घरात पैसे मोजून येतात, तिथे डबा आला की दुसरं काहीतरी जातं. अंडी, चवळी, सुकट, नाचणी, दारातला शेवगा यांची कोणी जाहिरात करत नाही, म्हणून ते कमी प्रतीचं वाटतं. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. ती खिचडी पोराने पोटभर खाल्ली का, हे विचारणंसुद्धा पोषणच. आणि मूल खरंच वाळत असेल तर आधी आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन-उंची बघून घ्या. मी त्या आईला हेच सांगायला हवं होतं.

आता मी चौथीला परिसर अभ्यासात एक तास 'मागची बाजू' घेते. मुलं घरातली रिकामी पाकिटं आणतात. यादीतले पहिले तीन घटक वाचायचे. मग गणित : १०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम साखर, तर २० ग्रॅमच्या मापात किती? उत्तर येतं ६.४ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चमचा. वरून आई साखर घालते ती वेगळीच. हे घरी जाऊन मुलंच सांगतात.

खोट्या जाहिरातीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आणि पुढच्या पालकसभेत कोणी विचारलं, "पावडर देऊ का?" तर माझ्यासारखी घाई करू नका. आधी विचारा, "डबा वाचलात का?"