सरेच्या सरी : बरोबरीचा सामना

गेल्या दिवाळीत या सदरात मी सरेतल्या पावसावर आणि आठ-आठ दिवस न वाळणाऱ्या कपड्यांवर लिहिलं होतं. ते वाचून एका मैत्रिणीचा फोन आला, "बाहेरचं पुरे, आता घरात काय चालतं ते लिही." तर ऐका. आमच्या घरात युद्ध चालतं. दर शनिवारी रात्री आठ वाजता, बेसमेंटमध्ये.

आमचा ईशान सोळा वर्षांचा. त्याचा चुलतभाऊ ओंकार नगरला असतो, त्याच्याहून वर्षाने मोठा. सरकारदरबारी ते आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी अजून नगरच येतं. आपल्याकडे शनिवारची रात्र असते तेव्हा तिकडे रविवारची सकाळ. जाऊबाई पोहे टाकतात, मी जेवणाची भांडी आवरते आणि ही दोघं 'वॉर थंडर' नावाच्या गेममध्ये एकमेकांशेजारी रणगाडे लावून उभी असतात. मधे अख्खा पॅसिफिक आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

ज्यांच्या घरी हे लोण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा गेम गायजिन नावाच्या कंपनीने 2012 मध्ये सगळ्यांना खुला केला. सुरुवातीला त्यात विमानं होती, नंतर रणगाडे आले, मग जहाजं. (गायजिन म्हणजे जपानीत परदेशी माणूस. म्हणजे तसे आपण सगळे गायजिनच!) दोन बाजू असतात, प्रत्येक बाजूला दहा-पंधरा खेळाडू आणि प्रत्येकाच्या ताब्यात एक खराखुरा होऊन गेलेला रणगाडा. ब्रिटिश सेंच्युरियन, अमेरिकन शर्मन, फ्रेंच एएमएक्स. बऱ्याच गेममध्ये आयुष्याची एक हिरवी पट्टी असते आणि मार बसला की ती कमी होत जाते. इथे तसं नाही. गोळा कुठे लागला, पत्रा किती जाड होता, आत दारूगोळा होता का इंजिन, याचा हिशोब होतो. एखादा गोळा नुसता घासून जातो, एखाद्या गोळ्यात खेळ खलास. चार जणांपर्यंत मित्रांची तुकडी करता येते. त्या तुकडीला ही मुलं 'स्क्वॉड' म्हणतात आणि त्यात आपापसात बोलता येतं.

खरी गंमत लढाईत नाही, लढाईनंतरच्या वादात आहे. या खेळाडूंना जितकी मतं असतात तितकी मला आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेतही ऐकायला मिळालेली नाहीत. हा रणगाडा जास्तच ताकदवान करून ठेवलाय, त्याचा पत्रा खरा इतका जाड नव्हता, दुरुस्तीला पैसे फार लागतात, नवा रणगाडा मिळवायला महिनोन्‌महिने घासावं लागतं. दुरुस्तीचा खर्च म्हणजे खेळातलेच पैसे, त्यांना 'सिल्व्हर लायन्स' म्हणतात. 2023 च्या मे महिन्यात या पैशांच्या गणितात कंपनीने काही बदल सुचवले, तर खेळाडू इतके चिडले की स्टीम या दुकानावर त्यांनी हजारोंनी वाईट शेरे लिहिले. कंपनीने ते बदल मागे घेतले आणि पुढच्या सुधारणांचा आराखडा जाहीर केला. मुलांनी अर्ज-विनंत्या करून कंपनी नमवली याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. आपल्या मंडळाच्या जेवणात श्रीखंडाऐवजी गुलाबजाम करा म्हणून आम्ही तीन वर्षं सांगतोय!

कधी कधी हे वाद हाताबाहेरही जातात. 2021 मध्ये एका खेळाडूने गेममधला ब्रिटिश चॅलेंजर 2 चुकीचा दाखवलाय हे सिद्ध करायला त्या रणगाड्याच्या लष्करी पुस्तिकेतली गोपनीय पानंच सगळ्यांसमोर टाकली. त्याच वर्षी फ्रेंच लेक्लेर्कच्या बाबतीतही तसंच झालं. कंपनीने ती पानं काढून टाकली. वादात जिंकण्यासाठी माणूस देशाची गुपितं उघडी करतो, हे वाचून मी ईशानला विचारलं, "तू असलं काही करत नाहीस ना?" तो म्हणाला, "आई, माझ्याकडे कुठली गुपितं आहेत?" तेही खरंच.

पण सगळ्यात मोठं गाऱ्हाणं असतं जोड्या लावण्याचं. प्रत्येक रणगाड्याला एक आकडा असतो, 1.0, 1.3, 1.7 असा चढत जाणारा. गेम तुम्हाला तुमच्या आकड्याच्या फार तर एकाने वर किंवा एकाने खाली असलेल्यांशी लढायला लावतो. तुम्ही तळाला आणि समोरचे सगळे वरचे, असं झालं की त्याला 'अपटियर' म्हणतात. हा शब्द मी आमच्या जिन्यावर इतक्या वेळा ऐकलाय की आता मीही वापरते. कॅनडात आल्या आल्या मला मुलाखतीत 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' विचारत, तेव्हा मी नक्की अपटियरमध्ये होते. तुमच्यापैकीही बऱ्याच जणी असतील.

तर असं सगळं सुखाने चाललेलं. गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की बेसमेंटमधून मराठी ऐकू येत नाही. ईशानचं मराठी म्हणजे आठवड्यातून दोन तासांचं, तेही शनिवारी रात्रीचं. "डावीकडे बघ", "थांब, गोळा भरतोय", "पळ पळ पळ" एवढ्यावर आमच्या घराचं भाषासंवर्धन उभं आहे. तेच बंद. विचारलं तर म्हणाला, "ओंकार बिझी आहे." जाऊबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, अभ्यास आहे म्हणतो, पण पुस्तक काही उघडत नाही. तुमच्या ईशानने काही सांगितलं का?"

थोडं थोडं करून बाहेर आलं. एका शनिवारी त्यांच्या स्क्वॉडमध्ये ईशानच्या शाळेतला एक मुलगा होता. ओंकारच्या इंग्रजी बोलण्याची त्याने नक्कल केली. एकदा नाही, लढाई संपेपर्यंत. त्या मुलाचे आईवडीलही आपल्यासारखेच तिकडून आलेले, म्हणून मला जास्त लागलं. मी ईशानला विचारलं, "आणि तू काय म्हणालास?"

"मी? मी काहीच नाही म्हणालो."

त्याने ते स्वतःच्या बचावासाठी सांगितलं होतं. म्हणता म्हणता त्यालाच कळलं बहुधा, कारण तो मान खाली घालून वर निघून गेला.

माझा पहिला विचार तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात येईल तोच. बंद करा तो गेम. मिलिंदला तसं म्हणालेही. तो म्हणाला, "गेम बंद केलास तर नक्कल करणारा शाळेत भेटेलच. ओंकार मात्र भेटायचा राहील." मी राउटरला हात लावला नाही. पण काय करावं तेही सुचेना.

डिसेंबरात नगरला जायचं ठरलेलंच होतं, घरात लग्न होतं. पहिले दोन दिवस दोघं भाऊ एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागले. "पाणी घे", "नको, झालं." तिसऱ्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोघांना रिक्षात घातलं. आबा नगरच्या लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होते. उभी हयात रणगाड्यांच्या पोटाखाली गेलेली. मीही सोबत गेले, कारण इतक्या वर्षांत सासरच्या गावातलं हे रणगाडा संग्रहालय मी पाहिलं नव्हतं.

तुम्हीही पाहिलं नसेल तर जरूर जा. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये सुरू केलेलं आहे. आत रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत, आवडीला बनलेला आपला विजयंता आहे. ईशान फाटकातून आत शिरला आणि पाटी न वाचता एकेकाची नावं घ्यायला लागला. हा कुठला, कुणाचा, तोफ किती मिलिमीटरची. आबा कमरेवर हात ठेवून ऐकत होते. मग त्याने सांगितलं की गेममध्ये पट्टा तुटला तर एक बटण दाबून धरायचं, अर्ध्या मिनिटात दुरुस्त.

"अर्ध्या मिनिटात?" आबा म्हणाले. "आमची दुपार जायची रं. आन्‌ वर साहेब इचारायचा, झालं का, झालं का."

"पण आबा, तुला सिल्व्हर लायन्स नाही द्यावे लागायचे," ईशान म्हणाला. तो आबांनाही 'तू' म्हणतो. ओंकार खुदकन हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पुढे युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा उभा होता. तिथे अपटियरचा विषय निघाला. आबांना तो समजवायला दोघांना एकत्र बोलावंच लागलं, कारण ईशानला मराठी शब्द सापडेनात आणि ओंकारला आकडे आठवेनात. सगळं ऐकून आबा म्हणाले, "मग असल उत्तरला काय झालं ते ऐका."

1965 चा सप्टेंबर, पंजाबातलं खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव. समोरून त्या काळचे नवेकोरे पॅटन आले. आपल्याकडे सेंच्युरियन होते, पण त्यांच्या जोडीला दुसऱ्या महायुद्धातले शर्मन आणि हलके एएमएक्स-13 सुद्धा. गेममध्ये शर्मन आणि पॅटनच्या आकड्यांत इतकं अंतर आहे की त्यांची जोडी सहसा लागतच नाही. तिथे ती लागली. आपल्या लोकांनी घोड्याच्या नालेच्या आकारात रणगाडे उसात दडवले आणि शेतांत पाणी सोडलं. पॅटन चिखलात रुतले. 4 ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे टिपले, तिथेच ते शहीद झाले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. नव्वदहून जास्त पाकिस्तानी रणगाडे तिथे कामी आले किंवा हाती लागले. ते जिथे आणून उभे केले त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

"म्हंजे आपण अपटियरमध्ये जिंकलो," ओंकार म्हणाला.

"जिकलो," आबा म्हणाले, "पन कुनी एकटा न्हाई जिकला. पानी सोडनारा येगळा, उसात बसनारा येगळा. शेजारचा जाग्यावर हाय, येवढं म्हाईत पायजे."

आबांना त्या शनिवारची गोष्ट ठाऊक नव्हती. ते पॅटनकडे बघत होते. ईशान मात्र बुटांकडे.

रात्री मी ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होते. मागच्या अंगणातून आवाज आला. ईशान म्हणत होता, "तेव्हा मी बोलायला पाहिजे होतो."

बराच वेळ काही नाही. मग ओंकार म्हणाला, "'होतो' नाही रे. 'होतं'. मी बोलायला पाहिजे होतं."

"तू नाही. मी."

"अरे येड्या, मी तुझं वाक्य दुरुस्त करतोय."

आणि दोघं हसायला लागले. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. भाकरी तेवढी करपली.

परत आल्यावर ईशानने त्या शाळेतल्या मुलाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. एवढं खरं की तो आता स्क्वॉडमध्ये नाही. शनिवार पुन्हा सुरू झाले.

मार्चमध्ये एक दिवस ईशान म्हणाला, "आई, व्हँकुव्हरला जाऊ या, तिथेही रणगाडा आहे." किंग जॉर्ज स्टेशनवरून स्कायट्रेन घेतली, स्टेडियम-चायनाटाउनला उतरलो. बीटी स्ट्रीटवर ब्रिटिश कोलंबिया रेजिमेंटची जुनी दगडी इमारत आहे. कामाला जाताना कितीदा तिथून गेले असेन, किल्लाच वाटायचा. या रेजिमेंटची कहाणी ईशानने आधीच वाचून ठेवली होती. 9 ऑगस्ट 1944, फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत. रात्रीच्या अंधारात वाट चुकून ही तुकडी 195 नंबरच्या टेकडीऐवजी 140 नंबरच्या टेकडीवर जाऊन पोचली. उजाडलं तेव्हा समोर जर्मनांचे टायगर रणगाडे. एका दिवसात 47 रणगाडे गेले, तुकडीचे प्रमुख वर्दिंग्टन मारले गेले. तिथे ऊस नव्हता, सोडायला पाणी नव्हतं आणि मदतीला येणाऱ्यांना ते कुठे आहेत हेच ठाऊक नव्हतं.

ईशानने फोटो काढून नगरला पाठवला आणि खाली सगळं लिहिलं, 47 च्या आकड्यासकट. आबांचा फोन आला. "एका गाडीत चार-पाच मानसं असत्यात. त्यांचं काय झालं रं?"

ईशानने इतके आकडे पाठ केलेत, पण हा हिशोब त्याने केलेला नव्हता. गेममध्ये रणगाडा गेला की दुसरा घेऊन परत येता येतं. तो रात्री बराच वेळ शोधत बसला होता.

मला अजूनही या गेमचं फार प्रेम नाही. परीक्षेच्या आठवड्यात बेसमेंटला कुलूप असतं आणि आमचं क्रेडिट कार्ड माझ्याच पर्समध्ये असतं. पण मुलांचं ते गाऱ्हाणं मला आता पोरकट वाटत नाही. खेळात तरी बरोबरीचा सामना मिळावा एवढंच ती मागतात, आणि त्यासाठी भांडतात. खऱ्या जगात तो कुणी लावून देत नाही, ना त्या टेकडीवर, ना नोकरीच्या मुलाखतीत, ना शाळेच्या मैदानात. तिथे शेजारचा जागेवर आहे का, एवढंच बघायचं असतं. आणि आपण कुणाच्या शेजारी आहोत, तेही.

यंदा दिवाळीच्या फराळाला तुम्ही जमाल तेव्हा मोठ्यांचं गप्पांचं आणि मुलांचं खाली खेळण्याचं चालू असेल. एकदा चकलीची ताटली घेऊन खाली जा. कोण जिंकतंय ते विचारू नका, स्क्वॉडमध्ये कोण कोण आहे ते विचारा. आमच्याकडे चौथी जागा सध्या रिकामी आहे. आबा ती मागतायत, पण पट्टा अर्ध्या मिनिटात दुरुस्त होतो हे त्यांना अजून मान्य नाही.