सल्ल्याबरोबर साथही हवी

सार्वजनिक आरोग्याच्या कामी सरकारला आणि महानगरपालिकांना तांत्रिक साहाय्य देऊ करणाऱ्या संस्थांची आज वाण नाही. कोणी प्रशिक्षण देते, कोणी नोंदींची पद्धत आखून देते, कोणी तज्ज्ञ धाडते. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु या साहाय्याचे मोल देणाऱ्याच्या अहवालावरून ठरवावयाचे, की राजारामपुरीच्या गल्ल्यांतून घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या कामावरून, हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे.

दोन दिवसांचे शिबिर भरवावे, जाडजूड पुस्तिका वाटावी आणि निरोप घ्यावा, एवढ्याने साहाय्य होत नाही. खरी अडचण तिसऱ्या दिवशी, बाळंतिणीच्या उंबऱ्यावर उभी राहते. आणि नेमका त्याच वेळी सल्लागार तेथे नसतो.

साहाय्य कसे असावे, याचा धडा महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी शिकविले. डॉक्टर दर पंधरवड्यास गावी जाई, नोंदी पडताळी, चुका सुधारी. आजारी अर्भकावरील उपचार मात्र तो आपल्या हाती घेत नसे. नवजात बालमृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या घरात आले आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. शिकविणारा वारंवार परत आला आणि काम मात्र शिकणारीच्याच हाती राहिले, यातच त्या यशाचे मर्म आहे.

याची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या 'यूएसएड'चा कारभार २०२५ मध्ये गुंडाळला गेला आणि तिच्या पैशावर चाललेली अनेक आरोग्यकार्ये जगभर एकाएकी थांबली. टेकू काढताच जी भिंत कोसळते, ती मुळात बांधलीच गेली नव्हती, असे म्हणावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. साहाय्यक संस्थेने योजना आखण्यापूर्वी परिचारिका आणि आशा यांची अडचण ऐकावी. शिबिरानंतर ठरावीक अंतराने प्रत्यक्ष कामाच्या जागी यावे. नवी नोंदवही देण्याआधी जुनी एखादी कमी करावी. आपण केव्हा निघणार आणि मागे काम कोण सांभाळणार, हे पहिल्याच करारात लिहून द्यावे. महानगरपालिकेनेही शिकून तयार झालेली माणसे टिकवावीत. ती जबाबदारी कोणत्याही पाहुण्याची नव्हे.

राजारामपुरीतील एखाद्या मातेला या संस्थांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. तिचे बाळ तापले असता दारी येणाऱ्या कार्यकर्तीला काय करावे हे नेमके उमगावे, एवढीच तिची अपेक्षा आहे. ती पुरी होते की नाही, याच कसोटीवर सर्व साहाय्य घासून पाहिले पाहिजे.